मतदानाचे ठिकाण : कळंब तालुक्याच्या इतिहासातील एक प्रकरण

लोकसभेच्या निवडणुकांचा इतिहास बहुधा उमेदवार, पक्ष आणि निकाल यांच्या अंगाने लिहिला जातो. मतदाराने मत कोणाला दिले, याची चर्चा विपुल झाली आहे. ते त्याने कोठे जाऊन दिले, हा प्रश्न मात्र तहसील कचेरीच्या दप्तराबाहेर फारसा आला नाही. तो क्षुल्लक मानला गेला, हेच त्याचे कारण. वस्तुतः गावातील अमुक इमारतीच्या अमुक खोलीत अमुक माणसांनी मत द्यावयाचे, हे ठरविताना राज्यसंस्थेला तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : हा माणूस कोठला, त्याला किती चालावयास लावणे न्याय्य, आणि कोणत्या दारातून आत जाण्यास त्याला संकोच वाटणार नाही. धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या पाऊण शतकात कशी मिळत गेली, याचा विचार येथे केला आहे. (यवतमाळ जिल्ह्यात, चिंतामणीच्या स्थानामुळे ख्यात असलेले दुसरे कळंब आहे. येथे अभिप्रेत आहे ते मांजरा नदीच्या काठचे, मराठवाड्यातील कळंब.)

पहिला प्रश्न माणूस कोठला हा. ब्रिटिश मुलखात १९३५ च्या कायद्याने मर्यादित का होईना, पण प्रादेशिक मतदारसंघ आलेले होते. येरमाळ्याकडून बार्शीस जाणारा रस्ता निजामाची हद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यात उतरे, आणि बार्शीकडच्या सारा भरणाऱ्या शेतकऱ्याने १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळासाठी मत दिलेले असे. हद्दीच्या अलीकडे तसे काही नव्हते. हैदराबाद संस्थानात १९३९ साली ज्या राजकीय सुधारणा जाहीर झाल्या, त्यांचे तत्त्वच निराळे होते. प्रतिनिधित्व द्यावयाचे ते प्रदेशाला नव्हे, तर हितसंबंधांना : जहागीरदार, पट्टेदार, कुळे, व्यापारी, वकील, पदवीधर अशा वर्गांना. या योजनेत मतदार हा कळंबचा किंवा मोह्याचा नसे. तो आपल्या वर्गाचा असे, आणि ज्याचा वर्ग शासनाने ओळखलेला नाही तो मतदारच नसे. १९४६ मध्ये याच धर्तीवर वाढवलेल्या विधानसभेच्या निवडणुकांवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार घातला. गावातील बहुसंख्य माणसांना त्या बहिष्काराने काही गमावण्यासारखे नव्हते, कारण त्यांच्या हाती काही आलेलेच नव्हते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी नष्ट करण्यात आल्या, आणि २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारतीय संविधान संस्थानास लागू असल्याचे मान्य केले. त्या संविधानाच्या ३२५ व्या कलमाने प्रत्येक प्रादेशिक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी ठरवून दिली, आणि धर्म, वंश, जात वा लिंग यांच्या कारणाने कोणालाही त्या यादीबाहेर ठेवता येणार नाही असे सांगितले. ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. त्या वेळी प्रौढत्वाचे वय २१ होते, ते १९८९ पासून १८ झाले. हितसंबंधांच्या कोष्टकातून माणूस अशा रीतीने एकदम गावाच्या यादीत आला. या स्थित्यंतराचा वेग ध्यानात घेण्याजोगा आहे. बार्शीकडच्या मतदाराला मर्यादित मताधिकारापासून सार्वत्रिक मताधिकारापर्यंत येण्यास दीड दशक मिळाले. कळंबकडच्या माणसाला मधली पायरीच नव्हती.

परंतु गावाच्या यादीत यावयाचे तर गाव असावे लागते, आणि त्या वर्षांत ते अनेकांपाशी नव्हते. यादीत नाव येण्यासाठी विहित मुदतीत निदान १८० दिवस मतदारसंघात सामान्यतः वास्तव्य असावे, अशी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची मूळ अट होती. रझाकारांच्या उपद्रवाच्या काळात, म्हणजे १९४७-४८ मध्ये, सरहद्दीवरील गावांतील कितीतरी कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे निघून गेलेली होती. पोलीस कारवाईनंतर उलट दिशेची आपत्ती आली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांच्या संदर्भात सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदले, त्यांत उस्मानाबाद एक होता. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. वास्तव्याच्या अटीमागे माणूस एका जागी स्थिर आहे हे गृहीत आहे. ज्या जिल्ह्यात दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी माणसे उखडली गेली, तेथे पहिली मतदारयादी करणे हे निव्वळ लेखनिकाचे काम असणे शक्य नव्हते. दारात उभ्या असलेल्या माणसाचेच नाव लिहिता येते. जो परतला नाही, त्याचे वास्तव्य सांगणार कोण?

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झाली. मतदार सुमारे १७ कोटी ३२ लक्ष होते. त्यांच्यासाठी देशभर १,९६,०८४ मतदान कक्ष उभारले गेले, त्यांपैकी २७,५२७ केवळ स्त्रियांसाठी राखलेले होते. एका कक्षामागे सरासरी ८८० च्या आसपास मतदार, असा याचा हिशेब होतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ९६ कोटी ८८ लक्ष मतदार आणि सुमारे साडेदहा लक्ष मतदान केंद्रे होती; म्हणजे सरासरी ९२० च्या जवळपास. १९५१ मध्ये एका केंद्रात अनेक कक्ष असत आणि आजचे केंद्र बहुधा एका खोलीचे असते, म्हणून तुलना कक्षांशी करणे योग्य. मतदार साडेपाच पटींनी वाढले, तरी एका खोलीवरचा भार जवळजवळ तितकाच राहिला. दाराशी उभ्या राहणाऱ्या रांगेची लांबी म्हणजे एका दिवसाच्या उजेडात हाताळता येण्याजोगा जनसमूह असे मानले, तर हे माप पहिल्याच वेळी अचूक सापडले होते असे म्हणावयास हरकत नाही.

बदलले ते अंतर आणि इमारत. आता अंतराचा प्रश्न. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे २५ वे कलम पुरेशी मतदान केंद्रे निश्चित करण्याचे आणि त्यांची यादी प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य अधिकाऱ्यावर टाकते. १९६६ च्या दुरुस्तीने निर्माण झालेल्या जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हे काम सोपविण्यात आले, आणि प्रत्येक यादीला निवडणूक आयोगाची पूर्वसंमती आवश्यक आहे. याच कायद्यात दुसरी एक तरतूद आहे, तिचा संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. उमेदवाराने मतदारांना ने-आण करण्यासाठी वाहन भाड्याने घेणे हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरविला. हेतू उघड आहे : ज्याच्या गाडीत बसून मतदार येतो, त्याचेच मीठ तो खातो अशी भावना होऊ नये. पण कळंबसारख्या तालुक्यात, जेथे वाड्या-तांडे मूळ गावापासून दूर पसरलेले, पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंद पडणाऱ्या आणि पक्की सडक तुरळक, तेथे या बंदीचा दुसरा अर्थ असा होई की मतदाराने पायीच यावे. धनिकाची बैलगाडी कायद्याने अडविली. तेव्हा केंद्रच मतदाराच्या जवळ नेणे हे शासनाचे कर्तव्य झाले. केंद्र जवळ न नेता केवळ गाडी अडविणे म्हणजे म्हाताऱ्या आणि अपंग मतदाराला घरी बसविणेच होते. पुढे कोणत्याही मतदाराला दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये असा दंडक आयोगाने घालून दिला. केंद्रावरील मतदारांची कमाल संख्या २०२४ च्या निवडणुकीपर्यंत १५०० होती, ती २०२५ मध्ये १२०० वर आणण्यात आली. लमाणांच्या तांड्यावरील शाळेच्या एका खोलीत स्वतंत्र केंद्र होते तेव्हा ते या दंडकामुळेच होते. आणि २०२४ मध्ये ८५ वर्षांवरील वृद्धांना व निर्धारित प्रमाणात अपंग असलेल्यांना घरीच मत नोंदविण्याची सोय लोकसभेसाठी देशभर देण्यात आली, तेव्हा अंतर त्यांच्यापुरते शून्यावर आले.

तिसरा प्रश्न दाराचा, आणि तो या सर्वांत अवघड. १९५२ मध्ये मराठवाड्यातील सामान्य खेड्यात सार्वजनिक म्हणता येईल अशी वास्तू कोणती होती? चावडी, देऊळ किंवा मशीद, आणि असलीच तर एक-दोन खोल्यांची शाळा. पाटला-देशमुखांचा वाडा मोठा असे, पण तो त्यांचा असे. आयोगाच्या नियमांनुसार धर्मस्थळ, पोलीस ठाणे आणि रुग्णालय या ठिकाणी केंद्र ठेवता येत नाही, आणि खाजगी वास्तू शक्यतो टाळावयाची असते. उरली चावडी आणि शाळा. चावडी ही सत्तेची जागा. सारा तेथे भरावयाचा, पंचनामा तेथे व्हावयाचा, दवंडी तेथून निघावयाची. महारवाड्यातील माणसाला तेथे बोलावणे येई ते वतनाच्या कामासाठी, आणि तो पायरीशी उभा राही. अशा वास्तूत त्याने सगळ्या गावाच्या रांगेत उभे राहून, त्याच दाराने आत जाऊन, पडद्याआड एकट्याने कागद पेटीत टाकावयाचा, ही कल्पना कायद्याने एका दिवसात दिली. अंगवळणी पडण्यास तिला किती काळ लागला, हे कोणत्याही निकालपत्रकात सापडत नाही.

शाळा हे या कोंडीतून बाहेर पडण्याचे द्वार ठरले. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळांचा विस्तार त्यांच्याकडे आला. पुढील दशकांत मतदान केंद्रांच्या यादीतील बहुतेक नोंदी 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' या शब्दांनी सुरू होऊ लागल्या. पुढे 'पूर्वाभिमुख इमारत', 'दक्षिणेकडून दुसरी खोली' अशी दिशांची नोंद असते. या रूक्ष तपशिलात एक आश्वासन दडलेले आहे. शाळा कोणाच्या वाड्यात नाही, कोणाच्या देवळात नाही. आणि ज्या मुलांचे आजोबा चावडीच्या पायरीशी थांबत ती मुले तेथे बाकावर बसलेली असतात. दुर्बल वस्तीतील मतदारांना निर्धास्तपणे येता यावे म्हणून अशा वस्तीत, मतदार कमी असले तरी, स्वतंत्र केंद्र देता येईल अशी तरतूदही आयोगाच्या सूचनांत आहे. ती चांगली आहे, पण तिची गरज पडणे हीच एक नोंद आहे. १९७७ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुकांत उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता आणि २००४ मध्ये येथून कल्पना नरहिरे निवडून आल्या. जागा राखीव असणे आणि मतदान केंद्राचे दार सर्वांना सारखेच उघडे असणे या दोन गोष्टी एक नाहीत. अभ्यासकांनी पहिलीकडे पाहिले, दुसरीकडे क्वचितच.

स्त्रियांच्या बाबतीत दार वेगळ्या प्रकारचे होते. पहिल्या यादीच्या वेळी उत्तरेकडील प्रांतांत लक्षावधी स्त्रियांनी 'अमक्याची बायको' एवढीच ओळख सांगितली. सुमारे २८ लक्ष नावे त्यामुळे गाळावी लागली. मराठी मुलखात स्त्रीचे स्वतःचे नाव आणि पतीचे नाव असा दुहेरी क्रम रूढ होता, त्यामुळे अडचण उलट बाजूने येण्यासारखी. यादीतील ओळख पटविण्यासाठी पतीचे नाव विचारावयाचे, आणि ते नाव एरवी उखाण्याशिवाय तोंडी न आणण्याचा रिवाज! स्त्रियांची वेगळी रांग, स्त्री मतदान अधिकारी आणि पुढे छायाचित्रासह ओळखपत्र यांनी हा संकोच हळूहळू निकालात काढला. ओळखपत्रांची मोहीम १९९३ मध्ये टी. एन. शेषन यांच्या काळात सुरू झाली. तिचे हे फळ कोणी मोजलेले नाही.

मतदान केंद्रात जे घडे, तेही बदलत गेले. १९५२ व १९५७ मध्ये प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची असे. निरक्षर मतदारासाठी ही पद्धत सोपी होती, पण तिच्यासाठी आडोशाची जागा मोठी लागे, आणि लोकसभा व विधानसभा यांचे मतदान एकत्र असल्याने पेट्यांची रांगच उभी राही. १९६२ पासून चिन्हे छापलेल्या पत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र आली आणि आडोशाला एक मेज पुरू लागले. लहान शाळेची लहान खोली केंद्र म्हणून चालू शकली, ती या बदलामुळे. २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत यंत्रे आली; २०१९ मध्ये त्यांच्या जोडीला मताची पावती दाखविणारे यंत्र सर्वत्र आले. केंद्राची जागा मात्र त्याच शाळेत राहिली.

येथवर मतदारसंघाच्या सीमांचा उल्लेख जाणूनबुजून टाळला आहे, कारण मतदाराच्या दृष्टीने केंद्र जवळचे आणि मतदारसंघ दूरचा असतो. तथापि कळंबच्या बाबतीत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. उस्मानाबाद जिल्ह्यातून १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला. २००८ च्या परिसीमनात कळंब नावाचा विधानसभा मतदारसंघ नाहीसा झाला आणि तालुका उस्मानाबाद विधानसभा मतदारसंघात गेला. त्या परिसीमनाने उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात औसा, उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परांडा आणि बार्शी हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. ज्या हद्दीच्या अलीकडे १९३७ मध्ये मत नव्हते आणि पलीकडे होते, ती हद्द आता एकाच मतदारसंघाच्या पोटात आहे. उलट मांजरेपलीकडच्या केज तालुक्यातील गावे, ज्यांना कळंबचा बाजार हाकेवर, ती बीड लोकसभा मतदारसंघात मत देतात. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. २०२४ च्या मतदानात मतदारसंघाचे नाव मात्र उस्मानाबादच होते.

केंद्र गावात असते, पण गावच हलले तर? या मतदारसंघाने हा प्रश्न अत्यंत क्रूर स्वरूपात अनुभवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने औसा, उमरगा व लोहारा या भागांतील गावे जमीनदोस्त झाली. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. यादी त्याच नावांची, गावाचे नाव तेच, पण घर क्रमांक नव्या रचनेचे आणि शाळा नव्या बांधणीची. मृतांची नावे वगळणे हे मतदारयादीच्या फेरतपासणीतील नित्याचे काम. त्या गावांत ते नित्याचे राहिले नव्हते. कळंबला या भूकंपाची अशी झळ पोचली नाही. पण मांजरा प्रकल्पाचा जलाशय तालुक्याच्या सीमेवरच आहे, आणि धरणासाठी गावठाण सोडावे लागलेल्या माणसाचा पत्ता कागदावर बदलतो आणि मनात बदलत नाही, हे या तालुक्याला अपरिचित नाही.

यापेक्षाही मोठा प्रश्न दरवर्षी उठून जाणाऱ्यांचा आहे. बीडप्रमाणेच धाराशिव जिल्ह्यातील कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कायद्याने त्यांचे वास्तव्य गावीच आहे : तात्पुरत्या अनुपस्थितीने सामान्य वास्तव्य सुटत नाही, असे १९५० च्या कायद्याचे विसावे कलम सांगते. त्यांचे नाव यादीत राहते, केंद्र त्यांची वाट पाहते, आणि ती माणसे दोनशे किलोमीटरांवर फडात असतात. सैनिकाला टपाली मताची सोय आहे. तोडणी कामगाराला नाही. त्याने मत दिले की नाही, हे त्याच्या इच्छेइतकेच निवडणुकीच्या तारखेवर अवलंबून राहते. जानेवारी १९८०, डिसेंबर १९८४, नोव्हेंबर १९८९ आणि फेब्रुवारी १९९८ या चारही लोकसभा निवडणुका गाळप हंगामात आल्या. १९९१, १९९६, २००४ आणि त्यानंतरच्या निवडणुका एप्रिल ते जून या काळात झाल्या. मतदानाच्या टक्केवारीचा अभ्यास करताना लाट, जात, उमेदवार यांची कारणे शोधली जातात. कारखान्यांच्या गाळपाचे पंचांग मात्र सहसा शेजारी ठेवले जात नाही. मराठवाड्यातील तालुक्यांच्या बाबतीत ते ठेवल्यावाचून कोणतीही तुलना ग्राह्य धरू नये.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये एक दूरस्थ मतदान यंत्र जाहीर केले. एकाच ठिकाणाहून ७२ पर्यंत मतदारसंघांतील मते घेता येतील, अशी त्याची रचना होती. म्हणजे एखाद्या कारखान्याच्या आवारात उभारलेल्या खोलीतून कळंबचा मतदार कळंबच्या उमेदवारास मत देऊ शकला असता. १६ जानेवारी २०२३ रोजी राजकीय पक्षांसमोर ते मांडण्यात आले. स्थलांतरित म्हणजे नेमका कोण, त्या केंद्रावर प्रतिनिधी कोण बसविणार, आचारसंहिता कोणत्या राज्याची, अशा आक्षेपांपुढे ते अडले. आक्षेप निराधार नव्हते. केंद्र गावात असते तेव्हा शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, आणि तोतया मतदाराला अडविणारी पहिली व्यवस्था तीच असते. गाव सोडून केंद्र नेले की ही ओळख मागे राहते.

उस्मानाबाद मतदारसंघात २०२४ चे लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले. कारखाने तोवर बंद झालेले होते आणि टोळ्या गावी परतलेल्या होत्या. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर रोजी आले, टोळ्या बाहेर पडण्याच्या सुमारास. दोन्ही वेळा मतदान बहुतेक त्याच शाळांत झाले.